दोन्ही हात मोकळे ठेवणारी पिशवी



या वेळी आरोग्याच्या पानावर शिवणकामाचा पाठ दिला आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

वॉकर दोन्ही हातांनी धरायचा असतो. एका हातात फोन, चष्म्याची पेटी किंवा नैवेद्याची वाटी आली की दुसऱ्या एकट्या हाताने वॉकर ढकलला जातो. तो तिरका होतो, त्याचा एक पाय गालिच्यात अडकतो आणि माणूस पडतो. काहीजण तर हातात वस्तू असली की वॉकर खोलीतच ठेवून निघतात. नोकरीच्या काळात पडून आलेल्या वृद्ध रुग्णांना मी नेहमी एक प्रश्न विचारत असे, "पडलात तेव्हा हातात काय होते?" चहाचा कप, टीव्हीचा रिमोट, धुतलेले कपडे, पोस्टाने आलेली पत्रे, अशीच उत्तरे बहुतेक वेळा मिळत.

या देशात ६५ वर्षांवरील साधारण तीन माणसांतील एकजण वर्षातून एकदा तरी पडतो. ८० वर्षांच्या पुढे हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर जाते. पडणाऱ्या प्रत्येकाचे हाड मोडत नाही. पण खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया नीट होऊनही अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही. शिवाय एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीने घरात कमी हिंडतो, त्यामुळे पायांतली ताकद आणखी घटते आणि पडण्याचा धोका वाढतो. देवळात यायचेही मग हळूहळू थांबते.

यावर उपाय म्हणून बरेचजण दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी वॉकरच्या एका मुठीला अडकवतात. इंग्लंडमध्ये २०१५ साली या पिशव्यांना ५ पेन्स लागू लागले आणि २०२१ पासून १० पेन्स लागतात, म्हणून आपण त्या जपूनही ठेवतो. पण एका मुठीला लटकलेली पिशवी झुलते, गुडघ्यावर आपटते आणि वॉकरचा तोल एका बाजूला नेते. वॉकरच्या पुढच्या आडव्या दांडीला, मधोमध, सपाट बसणारी कापडी पिशवी हवी. ती घरच्या घरी हाताने शिवता येते. पूर्वी कधी सुई न धरलेल्यालाही ती जमेल, असा हा पाठ लिहिला आहे.

पुरुषमंडळींनी पान उलटू नये. आपल्या गावचे शिंपी पुरुषच होते. संत नामदेव शिंप्याच्या घरात जन्मले, आणि गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या ६१ पदांपैकी एका पदात शिंप्याचा गज, कात्री आणि सुई-दोरा ही हत्यारे भक्तीसाठी वापरलेली आहेत. सुई धरायला वारकऱ्याने संकोचावे असे काही नाही.

बसण्यापूर्वी

डोळे, हात आणि बैठक या तीन गोष्टी आधी जमवाव्यात.

डोळे: दूरचे आणि जवळचे एकाच काचेत असलेला चष्मा शिवताना त्रास देतो. वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असल्यामुळे मान मागे टाकून बघावे लागते आणि थोड्या वेळात मान दुखते. शिवण्यासाठी फक्त जवळचा, वेगळा चष्मा असेल तर उत्तम. मात्र उठताना तो काढून ठेवावा. जवळच्या चष्म्यातून जमीन धूसर दिसते आणि पाऊल चुकते. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी दिवा डाव्या बाजूला ठेवावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट करावे.

हात: वय वाढले की अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजतो, स्त्रियांमध्ये जास्त. चिमटीत बारीक सुई घट्ट धरली की तिथेच कळ येते. म्हणून सुई मध्यम जाडीची आणि मोठ्या नेढ्याची घ्यावी. सुई कापडातून ओढताना बोटांना रबराचा तुकडा किंवा भांडी धुण्याच्या जुन्या हातमोज्याचे कापलेले बोट लावले तर कमी जोर लागतो. मधल्या बोटात अंगुस्तान घालावे. वीस मिनिटे झाली की सुई खाली ठेवून बोटे उघडावीत, मिटावीत आणि खांदे फिरवावेत. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील आणि रात्री त्या मुंग्यांनी जाग येत असेल, तर शिवणाला दोष देऊन गप्प बसू नये. मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते, म्हणून आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

बैठक: पाठ टेकेल अशी खुर्ची आणि कोपरे टेकतील असे टेबल असावे. हात थरथरत असेल तर दोन्ही कोपरे टेबलावर टेकवून शिवावे, बराच फरक पडतो.

सुया मोजण्याचा नियम

शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी परिचारिका सुया मोजते आणि जखम बंद करण्यापूर्वी पुन्हा मोजते. आकडा जुळल्याशिवाय पुढे जात नाहीत. हाच नियम आपण घरी पाळावा. बसताना सुया आणि टाचण्या मोजून एका कागदावर आकडा लिहावा, उठताना तोच आकडा भरला पाहिजे.

हे सांगण्यामागे कारण आहे. आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते आणि घरात अनवाणी चालायची आपली सवय असते. गालिच्यात पडलेली सुई तळव्यात शिरली तरी कळत नाही, जखम चिघळल्यावर कळते. एक लोहचुंबक डब्यात ठेवावे. आकडा कमी भरला तर तो जमिनीवरून फिरवून सुई शोधावी, आणि सुई मिळेपर्यंत त्या खोलीत कुणी अनवाणी चालू नये.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांना बोट टोचले तर रक्त जरा जास्त वेळ येते. स्वच्छ कापडाने पाच मिनिटे न सोडता दाबून धरावे. तेवढ्याने ते थांबते.

साहित्य

बाहेरच्या बाजूसाठी थोडे जाड सुती कापड: जुना पडदा, चादर किंवा जीनची पँट चालेल. अस्तरासाठी मऊ सुती कापड: जुन्या साडीचा न विरलेला भाग उत्तम. पॉलिएस्टरचा दोरा. २ सेंटिमीटर रुंदीची सुती नाडी, दीड मीटर. कात्री, मोजायचा टेप, खडू, टाचण्या आणि इस्त्री.

दोन सूचना. कापड जुने असो की नवे, आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. शिवून झाल्यावर आटले तर पिशवी वाकडी होते. दुसरी सूचना दोऱ्याची. पेटीत वीस वर्षे पडलेले रीळ असेल तर हातभर दोरा घेऊन दोन्ही हातांनी झटका द्यावा. सहज तुटला तर ते रीळ बाजूला ठेवावे.

सुईत दोरा ओवताना कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीचा, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर घ्यावा. लांब दोरा घेतला तर पुन्हा ओवायचे श्रम वाचतील असे वाटते, पण तो गुंततो, त्याला गाठी पडतात आणि जास्त वेळ जातो. ज्यांना ओवायचे जमत नाही त्यांनी नातवंडांकडून एकदम दहा सुया ओवून घ्याव्यात आणि उशीत टोचून ठेवाव्यात. मुलांनाही हे काम आवडते.

तीन टाके

पहिला धावदोरा. सुई वर-खाली, वर-खाली नेत पुढे जायचे. आपल्या आजीची गोधडी याच टाक्याने घातलेली असे. हा टाका सोपा असतो, पण एका जागी दोरा तुटला की पुढचे टाके सैल होतात. कापडाचे दोन थर तात्पुरते धरून ठेवायला तो वापरावा.

दुसरा उलट टीप. सुई वर काढायची, एक टाका मागे जाऊन खाली घालायची, आणि मागच्या बाजूने दोन टाके पुढे येऊन पुन्हा वर काढायची. वरून बघितले तर यंत्राच्या शिलाईसारखी सलग रेघ दिसते. यात प्रत्येक टाका मागच्या टाक्याला धरून असतो, त्यामुळे एखादा तुटला तरी शिलाई सहसा उसवत नाही. पिशवीचा भार ज्या ज्या ठिकाणी येतो तिथे हीच टीप हवी. टाका साधारण ३ मिलिमीटरचा असावा.

तिसरी तुरपाई. दोन दुमडलेल्या कडा एकमेकींना लावून, दोऱ्याचा थोडाच भाग बाहेर दिसेल असे तिरके टाके घालायचे. उघडी राहिलेली जागा बंद करायला ती लागते.

टाका किती ओढायचा, हे तिन्हींत शिकावे लागते. जखम शिवतानाही टाका फार आवळला तर कातडीचा रक्तपुरवठा अडतो आणि कडा नीट जुळून येत नाहीत. कापडाला रक्त नसते, पण आवळलेल्या टाक्याने त्याला चुण्या पडतात आणि ताण आला की दोरा तुटतो. दोरा कापडावर टेकला की थांबावे. पहिल्या दिवशी फक्त एका चिंधीवर वीतभर उलट टीप घालून बघावी. वाकडी आली तर दुसरी ओळ घालावी. तिसरी ओळ बहुतेकांची सरळ येते.

माप आणि कापणी

वॉकरच्या पुढच्या आडव्या दांडीची दोन उभ्या नळ्यांमधली लांबी मोजावी. तयार पिशवी त्याहून चार-पाच सेंटिमीटर अरुंद हवी. इथे ३५ सेंटिमीटर रुंदीच्या पिशवीचे माप दिले आहे. आपली दांडी लहान असेल तर फक्त रुंदी कमी करावी.

बाहेरच्या कापडाचा एक आणि अस्तराचा एक असे दोन तुकडे कापावेत. प्रत्येक तुकडा ३८ सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर लांब. शिलाईत चारही बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर जाईल आणि ३५ बाय ५२ चा तुकडा उरेल.

शिवण्याची कृती

१. दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर येतील असे ते एकावर एक ठेवावेत आणि टाचण्या लावाव्यात. कडेपासून दीड सेंटिमीटर आत खडूने चौकोन आखावा.

२. एका लांब बाजूवर, खालच्या कडेपासून ५ सेंटिमीटर वर आणि १७ सेंटिमीटर वर, अशा दोन खुणा कराव्यात. या दोन खुणांमधली १२ सेंटिमीटरची जागा उघडी सोडायची आहे. बाकी सर्व बाजूंनी खडूच्या रेघेवर उलट टीप घालावी.

३. चारही कोपऱ्यांतले जादा कापड तिरके कापावे, पण टाक्यापासून ३-४ मिलिमीटर दूर राहावे. मग उघड्या जागेतून सगळे कापड बाहेर ओढून सुलटे करावे. बोथट पेन्सिलीने कोपरे हलकेच बाहेर ढकलावेत. इस्त्री करावी. उघड्या जागेच्या कडा आत दुमडून तुरपाईने बंद कराव्यात.

४. तुकडा टेबलावर असा पसरावा की अस्तर वर दिसेल. खालची बाजू २२ सेंटिमीटर वर दुमडावी. आता पुढे २२ सेंटिमीटर खोल खिसा आणि त्याच्या वर ८ सेंटिमीटर कापड उरलेले दिसेल. आधी बंद केलेली जागा या दुमडलेल्या भागाच्या कडेला आली असेल. पुढच्या शिलाईत ती दुसऱ्यांदा पक्की होते.

५. दोन्ही बाजूंना, कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत, तळापासून खिशाच्या तोंडापर्यंत उलट टीप घालावी. इथे कापडाचे चार थर आहेत. सुई तिरकी घालून एकदम वर काढायचा प्रयत्न करू नये. ती सरळ खाली घालावी, पूर्ण ओढावी आणि मग वर काढावी. वेळ जास्त लागतो पण अंगठा दुखत नाही. खिशाच्या तोंडाशी एकाच जागी तीन-चार टाके जास्त घालावेत, कारण हात घालताना सगळा ताण तिथे येतो.

६. खिशाच्या एका कडेपासून १२ सेंटिमीटरवर खडूने उभी रेघ आखून तीवर टीप घालावी. एक अरुंद आणि एक रुंद असे दोन कप्पे झाले. अरुंद कप्प्यात फोन किंवा चष्मा उभा राहतो.

७. नाडीचे ५० सेंटिमीटरचे तीन तुकडे करावेत. टोके दुमडून शिवावीत, म्हणजे धागे सुटत नाहीत. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडून ती घडी पिशवीच्या वरच्या कडेला, मागच्या बाजूने लावावी. दोन तुकडे दोन्ही टोकांपासून ३ सेंटिमीटर आत आणि एक बरोबर मध्ये. प्रत्येक ठिकाणी उलट टिपेने एक लहान चौकोन शिवावा आणि त्या चौकोनात फुलीसारख्या दोन तिरक्या ओळी घालाव्यात. पिशवीचा सगळा भार या तीन चौकोनांवर असतो. इथे घाई करू नये.

नाड्या सोडून या पिशवीत साधारण २२८ सेंटिमीटर उलट टीप होते. ३ मिलिमीटरच्या टाक्याने सुमारे ७६० टाके, म्हणजे सात माळा आणि वर चार मणी. एका बैठकीत एक माळ, अशा हिशेबाने शिवले तर आठवडाभरात पिशवी पूर्ण होते. ज्यांना टाक्यागणिक नाम घ्यायचे असेल त्यांना वेगळी मोजणी ठेवायला नको.

वॉकरला बांधताना

खिसे आपल्याकडे येतील अशी पिशवी दांडीला बांधावी. चार पावले चालून बघावे. गुडघा पिशवीला लागत असेल तर ती फिरवून खिसे बाहेरच्या बाजूला करावेत. तिन्ही नाड्या घट्ट बांधाव्यात आणि टोके बोटभरापेक्षा जास्त लोंबू देऊ नयेत. लोंबणारी नाडी पायात येते. बोटे आखडलेली असतील तर घरातल्या कुणाकडून एकदा बांधून घ्यावी. धुण्याखेरीज ती सोडावी लागत नाही.

पिशवीत काय ठेवावे? फोन, चष्मा, रुमाल, जपमाळ, घट्ट झाकणाची लहान पाण्याची बाटली. घरात एकट्या राहणाऱ्यांनी फोन या पिशवीतच ठेवावा, म्हणजे पडल्यावर मदत बोलावता येते. गरम चहा, दुधाचा मोठा कॅन किंवा डाळ-तांदूळ यात अजिबात नकोत. वजन जास्त झाले की वॉकर पुढे झुकतो. वॉकरला चाके आणि ब्रेक असतील तर पिशवी किंवा नाडी त्यांच्या जवळ येता कामा नये.

पिशवी बांधतानाच आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. वॉकरच्या पायांखालची रबरी टोपणे झिजून गुळगुळीत झाली असतील तर ती बदलून घ्यावीत. आणि ताठ उभे राहून हात सैल सोडले असता वॉकरच्या मुठी मनगटाच्या घडीच्या उंचीला याव्यात. तशा येत नसतील तर फिजिओथेरपिस्टकडून उंची नीट करून घ्यावी.

हात बसल्यावर दुसरी पिशवी

पहिली पिशवी जमली की आणखी एक पिशवी शिवता येते. तिची गरज आपल्यात फारशी बोलली जात नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक स्त्रियांच्या जखमेतून एक बारीक नळी बाहेर काढलेली असते आणि ती एका लहान बाटलीला जोडलेली असते. त्या बाटलीत जखमेतले पाणी जमा होते. काही वेळा ती बाटली घेऊनच घरी जावे लागते आणि काही दिवस तशी वागवावी लागते. एका हातात बाटली धरून जिना चढायचा, स्वयंपाकघरात जायचे, दार उघडायचे. पाहुणे आले की ती पदराआड लपवायची. खांद्याला लावलेल्या छोट्या पिशवीत बाटली ठेवली की दोन्ही हात मोकळे होतात आणि लपवायचे दडपणही राहत नाही.

या पिशवीसाठी नवे, मऊ सुती कापड वापरावे आणि ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुऊन घ्यावे. २५ बाय ६२ सेंटिमीटरचा एकच तुकडा सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडावा, दोन्ही बाजूंनी दीड सेंटिमीटर आत उलट टीप घालावी, तोंडाला ३ सेंटिमीटर कापड आत दुमडून शिवावे. २२ बाय २८ ची पिशवी होते. पट्ट्यासाठी १२ सेंटिमीटर रुंद आणि १३० सेंटिमीटर लांब पट्टी कापून ती चार पदरी दुमडावी, म्हणजे ३ सेंटिमीटरचा मऊ पट्टा मिळतो आणि खांद्याला काचत नाही. पट्टा तोंडाच्या दोन बाजूंना आतून, आधीच्याच चौकोन-फुलीच्या शिलाईने लावावा.

तोंडाला बटण किंवा नाडी लावू नये. नळी दुमडली तर पाणी वाहत नाही. पट्टा इतका लांब हवा की बाटली जखमेच्या खाली, कमरेच्या आसपास राहील. पट्टा शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या खांद्यावर घ्यावा. आणि अशा पिशव्या परस्पर रुग्णालयात नेऊन देऊ नयेत. प्रत्येक ठिकाणचे स्वच्छतेचे नियम वेगळे असतात. स्तनविकार विभागातल्या परिचारिकेला आधी विचारून, त्यांना चालेल तेच माप आणि कापड घ्यावे.

मंदिरातर्फे विनंती

या दोन्ही पिशव्यांसाठी आपल्याला पुढील मदत हवी आहे.

सुती कापड: धुतलेले, न विरलेले. नायलॉन, रेशीम आणि जरीच्या साड्या या कामाला चालत नाहीत, कृपया देऊ नयेत. दुसऱ्या पिशवीसाठी नवे कापड देणाऱ्यांनी गडद रंगाचे सुती द्यावे.

नाडी, पॉलिएस्टरचा दोरा, मोठ्या नेढ्याच्या सुया आणि अंगुस्ताने.

शिकवणारे हात: आपल्यातल्या कितीतरी जणींनी गावी शिवणवर्ग केले, घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवले आणि इथे आल्यावर ती कला पेटीत राहिली. तुमच्याकडून दोन तास हवे आहेत.

शिकणारे हात: स्त्री-पुरुष, कुठल्याही वयाचे. पक्षाघाताने एक हात दुबळा झालेल्यांनाही काम आहे. कापड टेबलाला चिमट्याने अडकवले की एका हाताने खडूच्या खुणा करता येतात, आणि सुया मोजण्याची जबाबदारी घेणारा माणूस तर प्रत्येक टेबलावर लागतो.

आणि शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. आपल्या ओळखीत, शेजारात वॉकर वापरणारे कुणी असेल, मग ते मंदिरात येत असोत वा नसोत, तर त्यांच्या वॉकरच्या दांडीची लांबी मोजून मंदिराच्या कार्यालयात कळवावी. पिशवीचे पैसे घेतले जाणार नाहीत, आणि कुणासाठी पिशवी हवी आहे हे जाहीर केले जाणार नाही. मोजायच्या निमित्ताने त्यांच्याकडे दहा मिनिटे बसावे. वॉकरची रबरी टोपणे बघावीत, जिन्यातला दिवा लागतो का ते बघावे, चहा आपणच करून त्यांच्या हाताशी आणून द्यावा.

शिवणाची नावनोंदणी कार्यालयात सुरू आहे. येताना जवळचा चष्मा बरोबर आणावा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही पांडुरंगचरणी प्रार्थना.